अडतीस नंबरचा बिल्ला

रोज दुपारी साडेचारच्या सुमारास आमच्या घरातली भांडी वाजत. आधी पायाखालून एक दबका धक्का येई, तळघरात कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा, आणि मग फळीवरची स्टीलची ताटं एकमेकांना लागून हलकेच किणकिणत. आई त्या आवाजाची वाटच पाहत असे. भांडी वाजली की ती चहाचं आधण ठेवायची. खाणीतले सुरुंग दिवसाची पाळी संपल्यावरच उडवत. सुरुंग उडाले म्हणजे सगळी माणसं वर आली, आणि सगळी वर आली म्हणजे बाबा वीस मिनिटांत दारात. बाहेरच्या माणसाला तो आवाज भीतीचा वाटला असता. आमच्या घरात तो चहाचा आवाज होता.

ईशान, मीरा, मागच्या सुट्टीत तुम्ही फोनवर विचारलंत की सगळ्या फोटोंत पणजोबा, म्हणजे माझे बाबा, मान वळवून, उजवा कान पुढे करून का बसलेत. मी म्हटलं, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, खाणीत अपघात झाला होता. आणि मग तुमच्या परीक्षेचं विचारलं. ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. मी वाणसामानाचीसुद्धा यादी करून ती तारीखवार जपून ठेवणारी बाई आहे, हे तुमचा बाबा तुम्हाला हसत हसत सांगत असेल. या एका गोष्टीची नोंद मात्र मी कुठेच केली नाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, तरी हे मराठीत लिहिते आहे. तुम्ही पुण्याच्या शाळेत मराठी वाचता म्हणून, आणि ज्या घरात हे घडलं त्या घरात मराठीच बोललं जात होतं म्हणूनही.

गाव कोलोरॅडोच्या डोंगरात होतं, इतक्या उंचावर की साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नसे. आईने नागपूरहून आणलेला प्रेशर कुकर हीच आमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. त्याच्या शिट्ट्या रस्त्यापर्यंत ऐकू जात. हिंग, हळद, तूरडाळ शिकागोहून पोस्टाने येई, आणि पोस्टातली बाई ते खोकं नाकापासून लांब धरून देई. आम्ही गावातलं एकुलतं एक भारतीय कुटुंब. बाबा खाणीचे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांचं काम खोदण्याचं नव्हे, कुठे खोदायचं ते सांगण्याचं.

चांदी जमिनीत कशी येते, हे त्यांनी मला किटलीच्या बुडाशी दाखवलं होतं. आमच्याकडचं पाणी जड. उकळून उकळून किटलीला आतून पांढरा थर धरायचा. ते म्हणाले, खाली खोल तापलेलं पाणी असतं, त्यात हे सगळं विरघळलेलं असतं, आणि खडकाला भेग पडली की ते पाणी भेगेतून वर चढतं. वर येताना निवतं, आणि जे सोबत आणलं ते भेगेच्या दोन्ही भिंतींना लावून जातं. आधी गारगोटी, मग शिसं, मग चांदी. लाखो वर्षं असं चाललं की भेग भरून जाते. तिला ते शीर म्हणत. मी पहिल्यांदा त्या शिरेचा तुकडा पाहिला तेव्हा निराश झाले होते, कारण तो चमकत नव्हता. काळपट, जड, शाईच्या डागासारखा. बाबा हसून म्हणाले, आईच्या देवातलं चांदीचं निरांजन महिनाभर न घासता ठेव, मग तुला ओळख पटेल.

त्यांना एका शिरेने झपाटलं होतं. जुन्या लोकांनी ती शीर खोदत नेली आणि एका जागी ती सुरीने कापल्यासारखी संपली. तिथे डोंगर सरकला होता. खडकात भ्रंश होऊन शिरेचा उरलेला भाग दुसरीकडे गेला होता. जुनी कंपनी डावीकडे शोधत राहिली आणि बुडाली. बाबांचं म्हणणं, ती उजवीकडे आणि खाली आहे. दुपारच्या वेळी ते त्या जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यात एकटे जात, भिंतींवरचे ओरखडे मोजत, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढत. आमटीचा एक डाग त्या नकाशावर कायमचा राहिला. आई म्हणायची, चांदी तिथेच सापडणार बघा.

खाणीचा इतिहास मात्र मला ऑर्विलकाकांनी शिकवला. समोर मी त्यांना मिस्टर ऑर्विल म्हणे, पण आईने घरात त्यांना काका करून टाकलं होतं. ते आधी ड्रिलवर होते. डाव्या हाताची दोन बोटं खडकात गेली तेव्हापासून शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी असलेल्या लाकडी खोलीत बसत. त्या खोलीत एक शेगडी, एक बाक आणि भिंतीवर खिळे मारलेली एक मोठी फळी होती. खाली जाणाऱ्या प्रत्येकाकडे पितळेचा गोल बिल्ला असे, त्यावर त्याचा नंबर ठोकलेला. खाली नेणाऱ्या पाळण्यात, त्याला पिंजरा म्हणत, चढण्याआधी बिल्ला खिळ्यावर लावायचा, वर आलं की काढून खिशात टाकायचा. फळी रिकामी झाली की ऑर्विलकाका घंटा वाजवत, आणि मगच सुरुंगांची वात पेटे. काकांचा एकच नियम होता. डोकं काय सांगतं ते बघायचं नाही, फळी काय सांगते ते बघायचं. बाबांचा नंबर अडतीस.

शाळा सुटली की मी त्या खोलीत जाऊन बसे. गृहपाठ करे आणि बाबा वर आले की त्यांच्याबरोबर घरी येई. सतत पुस्तक हातात म्हणून काका मला प्रोफेसर म्हणत. त्यांचे आजोबा खेचराच्या पाठीवर सामान लादून या डोंगरात आले होते. त्या काळी खेचरं खालीच बांधलेली असत आणि वर्षानुवर्षं त्यांना ऊन दिसत नसे. चांदीचा भाव पडला तेव्हा लोक टेबलावरच्या बशासुद्धा न उचलता गाव सोडून गेले, हे सगळं त्यांनी सांगितलेलं. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना कुकरची शिट्टी झाली तर खुर्चीतून उठलेच. मग आईला म्हणाले, मॅडम, खाणीत आम्ही दिवसातून एकदा उडवतो, तुम्ही तीनदा. आईला इंग्रजी कमी येई, पण हे तिला कळलं आणि ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसली.

बाबांच्या कामातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. बोगद्यात शिरल्यावर ते आधी छतावर हातोडीने ठोकत आणि कान देत. पक्का खडक खणखणीत वाजतो. सुटलेला खडक तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द बोलतो. त्या आवाजावर माणसाचा जीव असतो. घरातही त्यांना ती खोड होती. भिंत, कलिंगड, आईचं नवं पातेलं, ते बोटाच्या पेराने टकटक करत आणि मान डोलावत.

त्या वर्षीची खंडेनवमी शाळेच्या दिवशी आली. आई आदल्या संध्याकाळीच पूजेची तयारी करी. शिवणयंत्र, विळी, कात्री, माझा कंपास आणि बाबांची हत्यारं, म्हणजे त्यांची खास हातोडी, होकायंत्र, आणि खडक बघायचं छोटं भिंग. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती; पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अमेरिकेतली खाण काही नवमीला बंद राहत नाही, म्हणून बाबा आपली हत्यारं घरी ठेवून ऑफिसातली उसनी हातोडी वापरत. सकाळी ते बूट चढवत असताना आई म्हणाली, “खरं तर त्या बिल्ल्याची पूजा व्हायला हवी. हातोडी दगड फोडते. बिल्ला तुम्हाला घरी आणतो.”

“बिल्ला खिळ्यावर लागतो गं,” बाबा म्हणाले. “नवमी रविवारी आली तर बघू.”

बस, एवढंच बोलणं. मी तेरा वर्षांची होते, आणि मला वाटलं की आईला आज खूश करणं किती सोपं आहे. आमचं घर शाफ्टपासून उतारावर, पळत गेलं तर सहा-सात मिनिटं. बाबा सव्वाचारच्या आधी वर येत नसत. दुपारी तीनला मी काकांच्या खोलीत गेले. फळीवर बिल्ले होते, अडतीसही होता. काका नेहमीप्रमाणे बाजूच्या इंजिनघरात कॉफी आणायला गेले आणि मी बाकावर चढून बिल्ला काढला. चोरी करते आहे असं मनातसुद्धा आलं नाही. जाऊन हळदकुंकू वाहायचं आणि परत आणून लावायचा.

घरी आल्यावर मी बिल्ला हातोडीशेजारी ठेवला, त्यावर हळद वाहिली, पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. आई आतून आली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो.

“त्यांनी दिला?”

मी हो म्हटलं. त्या एका शब्दाने आईच्या मनात बाबा वर आलेले होते. तिने वाकून नमस्कार केला, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, “आता उद्या सकाळपर्यंत हलवायचा नाही हं.” मग मला शेवयांच्या खिरीची वाटी दिली आणि समोरच बसली. बिल्ला परत न्यायचा आहे असं म्हणायचं तर खोटं उघडं पडणार. आई उठली की उचलून पळायचं असं मी ठरवलं. आई उठेना. ती माझ्या केसांतला गुंता काढत तिच्या माहेरच्या दसऱ्याचं सांगत बसली. मी खीर सावकाश खाल्ली, घड्याळाकडे बघत. सव्वाचार झाले तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता ते वर आलेच असतील, बिल्ला कुठे गेला म्हणून शोधत असतील, मी जाऊन सांगेन, ते रागावतील, एवढंच.

साडेचारला भांडी वाजली. आईने आधण ठेवलं.

चहा झाला, गाळला, त्यावर साय धरली. बाबा आले नाहीत. आई दोनदा दारापर्यंत जाऊन आली. मग गाडी आली ती खाणीच्या मुकादमाची.

सुरुंग बाबांच्या बोगद्यात नव्हते, शेजारच्यात होते, मध्ये खडकाची पातळ भिंत. बाबा जुन्या बोगद्यात मोजमाप करत होते, आणि त्या दिवशी काम रंगल्यामुळे त्यांना उशीर झाला होता. हवेच्या तडाख्याने ते आडवे पडले, डाव्या कानातून रक्त आलं, दिवा विझला. धूर यायला लागला तसे ते वरून ड्रिलसाठी हवा आणणाऱ्या नळाला धरून सरपटत गेले, एका सैल झडपेशी तोंड लावून श्वास घेत राहिले आणि उसन्या हातोडीने नळावर ठोकत राहिले. वर ऑर्विलकाकांनी ते ठोके ऐकले. फळी रिकामी, घंटा झालेली, सगळे घराकडे निघालेले, आणि म्हाताऱ्याने नळाला कान लावला. सगळ्यांच्या आधी पिंजऱ्यात तेच चढले. हे मला पुढे कळलं, तुकड्या-तुकड्यांनी.

संध्याकाळी आई हॉस्पिटलमधून बाबांचे कपडे कागदी पिशवीत घेऊन आली. देवापुढे उभी राहिली. बिल्ल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“त्यांनी दिला नव्हता ना?”

मी मान हलवली. ती ओरडली नाही, हातही उगारला नाही. आजवर दसऱ्याच्या सकाळआधी तिने पूजेतली सुईसुद्धा उचलली नव्हती. तिने बिल्ला उचलला, मोरीवर नेऊन घासला, पदराने कोरडा केला आणि पिशवीतल्या जाकिटाच्या खिशात ठेवला. “कुणाला काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “आपलं इथे कुणी नाही.”

दुसऱ्या दिवशी दसरा. हॉस्पिटलमध्ये बाबांनी सगळ्यात आधी आपलं भिंग मागितलं. मी ते घरून आणून दिलं, हळद लागलेलं. दुपारी कंपनीचा माणूस वही घेऊन आला. ऑर्विल शपथेवर सांगतो आहे की अडतीस नंबर लावताना त्याने पाहिला, असं तो वहीवाला म्हणाला. मग बिल्ला गेला कुठे? आईने जाकीट पुढे केलं. खिशातून बिल्ला निघाला. बाबांनी तो मागून घेतला, खिडकीच्या उजेडाकडे वळले, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, नंबर आपलाच आहे ना याची खात्री करताहेत. मग ते बोलले, ऐकू न येणारा माणूस बोलतो तशा मोठ्या आवाजात.

“मीच विसरलो असेन. लावलाच नसेल.”

त्या माणसाने लिहून घेतलं. बिल्ला न लावता ज्याने माणूस खाली जाऊ दिला आणि तरीही लावलेला पाहिला म्हणून जो सांगतो, त्याला त्या खोलीत ठेवता येत नाही, असं ठरलं. आठवड्याभराने मी तिथे गेले तेव्हा काका आपला कॉफीचा मग वर्तमानपत्रात गुंडाळत होते. ते रागावलेले नव्हते. गोंधळलेले होते, आणि ते बघणं जास्त कठीण होतं.

“प्रोफेसर, तू होतीस त्या दिवशी,” ते म्हणाले. “अडतीस होता ना गं फळीवर?”

“मी पाहिलं नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान डोलावली. “मग म्हातारा झालो मी,” ते म्हणाले, आणि मगाला आणखी एक कागद गुंडाळला.

बाबांना पुन्हा खाली जाता आलं नाही. जखमा भरल्या, पण छतावर ठोकल्यावर खणखणीत कुठलं आणि बद्द कुठलं हे कळेना, आणि ज्याला ते कळत नाही त्याने खाली जायचं नसतं. आम्ही मिनेसोटात आलो. तिथे बाबा सरकारी कचेरीत दुसऱ्यांनी पाहिलेल्या खडकांचे नकाशे काढत. चहाच्या वेळेला भांडी वाजेनाशी झाली. बाबांनी कलिंगडावर टकटक करणं सोडलं. आई पूजेत पुढे कधी त्यांची हातोडी मांडायची नाही.

ऑर्विलकाका नेब्रास्कात बहिणीकडे राहायला गेले. दर नाताळात त्यांचं कार्ड येई, त्यावर तिरक्या अक्षरात “प्रोफेसर कशी आहे” असं असे. बाबा उत्तराला बसले की दार लोटून घेत. त्यांनी काकांना खरं कळवलं होतं का, मला माहीत नाही. मला काकांचा पत्ता पाठ होता. तेरा वर्षांची मुलगी घाबरली, हे मी समजू शकते. पण मी वीस वर्षांची झाले, पंचवीस वर्षांची झाले, तुमच्या बाबाला मांडीवर घेऊन खोटं बोलू नये म्हणून शिकवू लागले, तेव्हाही पाकिटाला तिकीट लावण्याएवढंच काम होतं. एका वर्षी कार्ड आलं नाही. त्यानंतर ते काम राहिलंच नाही.

बाबा गेल्यावर त्यांचं टेबल मी आवरलं. खणात भिंगाची चामड्याची डबी होती आणि त्यात भिंगाखाली बिल्ला. मी तो खिडकीशी नेला आणि भिंगातून पाहिला, का ते सांगता येणार नाही. आईने घासला होता, पण घाईत. पितळेत ठोकलेल्या इंग्रजी आठाच्या दोन्ही वेटोळ्यांत, कोपऱ्यात, तांबडी रेघ होती. हळदीचा कण होता. दगडातली केसाएवढी शीर ओळखणाऱ्या माणसाला ती दसऱ्याच्या दुपारी दिसली नसेल असं होणार नाही. त्यांना कळलं होतं. त्यांनी मला वाचवलं, आणि त्यासाठी ज्याने त्यांना वाचवलं त्याला जाऊ दिलं. मी इतकी वर्षं माझ्या एकटीचा समजत होते तो दोष आम्ही तिघं एकाच जेवणाच्या टेबलावर बसून वाहत होतो, आणि मीठ दे, भात घे, एवढंच बोलत होतो.

मागच्या शरदात मी एकटीच त्या गावी गेले. खाण कधीच बंद झाली. आता तिकीट काढून बघता येते. हेल्मेट घालून छोट्या गाडीतून आत नेतात, भ्रंशाची जागा दिवा लावून दाखवतात. इथे शीर हरवली आणि पुढे कुणालाच सापडली नाही, असं गाईड म्हणाली. आमटीचा डाग पडलेला नकाशा माझ्या कपाटात आहे. बाहेर आल्यावर तिने आम्हाला ती लाकडी खोली दाखवली. शेगडी आहे, बाक आहे, फळी आहे. एकदा इथला राखणदार झोपला, ती हसत म्हणाली, आणि एक भूगर्भशास्त्रज्ञ आत राहिला. तेव्हापासून प्रत्येकाला दोन बिल्ले द्यायला लागले, एक फळीवर, एक अंगावर. लोकही हसले.

“ते झोपले नव्हते,” मी म्हटलं.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळे वळून बघायला लागले. मी त्या दहा-बारा अनोळखी माणसांसमोर सगळं सांगितलं, क्रमाने, इंग्रजीत, पूजा आणि खीर यांसकट. सांगून झाल्यावर गाईडने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाविशीची असेल. म्हणाली, तुम्ही तर लहान होता. किती सहज माफ केलं तिने. ज्या माणसाने करायचं किंवा नाकारायचं, त्याला मी विचारलंच नव्हतं. मी तिला सांगितलं, पुढच्या गटाला ऑर्विलचं नाव सांग, आणि सांग की त्याने नळाला कान लावला होता. तिने वहीत लिहून घेतलं. ती सांगते की नाही, मला कळायचा मार्ग नाही.

मग मी पर्समधून बिल्ला काढला. वस्तूंना हात लावू नये अशी पाटी होती, आणि मी पाट्या पाळणारी बाई आहे. आता बाकावर चढावं लागलं नाही, खिळा हाताशी होता. तुम्ही कधी तिथे गेलात तर बघा. ऑर्विलकाकांनी पाहिला होता तिथेच, अडतीस फळीवर आहे.